उसाचा शेंडा बाटलीत: कोंबाग्र संवर्धनाचा क्रम, आणि तो नेमका कुठे चुकतो

"शेंडा हिरवा आहे, पण फुटवे निघत नाहीत. बीएपी दुप्पट करू का?" असा फोन महिन्यातून दोन-तीनदा येतो. काम उसाच्या शेंड्यातला बारीक तुकडा बाटलीत पोषक माध्यमावर वाढवून त्याची रोपं करण्याचं, आणि बीएपी हे त्या माध्यमात घालायचं वाढीचं संप्रेरक. कधी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवाली मुलं असतात, कधी करवीर-कागलकडचा एखादा तरुण, ज्यानं घरामागच्या दोन खोल्यांत छोटी लॅब थाटली आहे. मी उलट विचारतो: वाढे (उसाचे तोडलेले शेंडे) कुठल्या फडातले? मागच्या बाटलीत शेंडा किती दिवस पडून होता? बीएपीचा स्टॉक, म्हणजे दाट द्रावण, कुणी आणि कसा बनवला? बहुतेक वेळा घोटाळा यातच कुठेतरी सापडतो. बीएपीच्या मात्रेत क्वचितच.

आपल्याकडे बीएपीकडे युरियासारखं बघतात. पीक पिवळं दिसलं की टाक आणखी अर्धं पोतं. पण शेंड्यातल्या पेशींना ते निरोप म्हणून पोचतं. एकच निरोप कोंबाला एक सांगतो, मुळाला दुसरंच. म्हणून या कामात मात्रेइतकाच क्रम महत्त्वाचा आहे.

शब्दाबद्दल एक खुलासा. पुस्तकांत 'मूळपेशी' लिहितात, पण वनस्पतीबद्दल बोलताना वाचणाऱ्याला त्या मुळांतल्या पेशी वाटतात. म्हणून मी सरळ स्टेम सेल म्हणतो.

## आधी हे समजून घ्या: पोंग्याच्या आत काय चालतं

पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, सोलत आत गेलात, की शेवटी मिलिमीटरहूनही लहान, चकचकीत घुमट दिसतो. त्याच्या माथ्यावर मोजक्या स्टेम सेल असतात, सतत विभागून नव्या पेशी पुरवणाऱ्या. त्यांच्या खालचा पेशींचा एक गट वुशेल नावाचं प्रथिन बनवतो. पेशी-पेशींमधल्या बारीक वाटांनी ते वर सरकतं आणि वरच्या पेशींना स्टेम सेल म्हणून टिकवतं. त्या पेशी उलट क्लॅव्हाटा-३ नावाचं छोटं पेप्टाइड सोडतात. ते खालच्या पेशींवरच्या ग्राहक प्रथिनांना चिकटतं आणि वुशेलला आवर घालतं.

गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या आणि खाली चुलवाणात चिपाडं सारणारा गडी यांची हाकाहाक आठवा. रस उतू येऊ लागला की वरून "जाळ कमी कर", बसू लागला की "सार, सार". वरचा ओरडलाच नाही तर रस उतू जातो: क्लॅव्हाटा बिघडलेल्या रोपात घुमट सुजत राहतो. खालचा गडी उठून गेला तर जाळ विझतो: वुशेल बिघडलं की शेंड्याची वाढ थांबते. ही यंत्रणा मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात उलगडली. भात-मक्यासारख्या गवतवर्गीय पिकांत तिचे काही भाग वेगळे आहेत, पण घडण त्याच जातीची. ऊसही गवतच.

आता यात आपण बाटलीतून काय घालतो? बीएपी आणि कायनेटिन ही सायटोकायनिनं. ती वुशेलच्या बाजूनं जोर लावतात, शिवाय पानाच्या बगलेतले झोपलेले डोळे जागे करतात. एनएए हे ऑक्झिन. ऑक्झिन घुमटाच्या कडेला जिथे साठतं तिथे नवं पान फुटतं, आणि खोडाच्या बुडाशी साठलं तर मूळ. जिबरेलिन पेशी लांबवतं. घुमटाच्या माथ्यावर ते नकोच असतं, रोप स्वतःच त्याला तिथून दूर ठेवतं. एवढं डोक्यात पक्कं असलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

## १. वाढे निवडणे

निम्मं काम इथे बिघडतं, आणि ते दोन-तीन महिन्यांनी कळतं.

सहा ते आठ महिन्यांची, जोमदार वाढीतली लागण निवडा. खोडवा नको. को ८६०३२, कोएम ०२६५, गुळासाठी को ९२००५, जी जात हवी तिची खात्री फडात उभं राहूनच करा. रस्त्याकडेला ट्रॉलीत पडलेले वाढे उचलून आणू नका. जात कोणती, रोग कोणता, काहीच कळत नाही.

तुरा आलेला किंवा येऊ घातलेला ऊस पूर्ण वर्ज्य. तुरा म्हणजे घुमटानं पानं काढायचं काम सोडून फुलोऱ्याचं काम धरलं. तिथल्या स्टेम सेल आता त्या वाटेवर खर्च होतात. बाहेरून पोंगा हिरवागार दिसतो, आत मात्र गोल घुमटाऐवजी लांबट, फांद्या फुटू लागलेलं टोक सापडतं. एका वर्षी दिवाळीनंतर मी अशाच फडातून चाळीस वाढे आणले. फडाचे मालक आप्पा म्हणालेही, "तुरं धरलंय बघा, आता त्यात काय राहतंय?" मी हसण्यावारी नेलं. चाळीसपैकी एकही शेंडा धड चालला नाही.

हेही टाळा: चाबूक काणी असलेलं बेट (तिथे बुरशीनं शेंड्याचाच चाबूक केलेला असतो), गवताळ वाढीचं बेट, पोंगा मर झालेला किंवा शेंडे किडीनं पोखरलेला कोंब, आणि पोक्का बोंग या रोगामुळे पिळवटलेली पानं.

तपासा: आणलेल्या वाढ्यांपैकी दोन उभे चिरून भिंगाखाली बघा. गोल घुमट आणि त्याला बिलगलेली एक-दोन कोवळी पानं दिसली तरच बाकीच्यांना हात लावा.

बियाणं फार रोगट भागातलं असेल तर मातृरोपं वेगळी वाढवा. टिपऱ्या ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन तास ठेवून लावा आणि त्या रोपांचे शेंडे घ्या. वेळ जातो, पण पुढच्या फेऱ्यांचा हिशोब पाहता परवडतो. एका शेंड्यापासून दर फेरीला तिप्पट धरलं तरी आठ फेऱ्यांत ६,५६१ कोंब होतात. पहिला शेंडा रोगट असेल तर ६,५६१ रोगट.

## २. स्टॉक आणि माध्यम, वाढे आणायच्या तीन-चार दिवस आधीच

वाढे आणून मग माध्यम करायला बसू नका. कापलेला शेंडा वाट बघत नाही.

एमएस (मुराशिगे-स्कूग) माध्यम, म्हणजे क्षार-जीवनसत्त्वांचं ठरलेलं मिश्रण, साखर लिटरला ३० ग्रॅम, पीएच ५.८, घट्ट करायला अगार ७ ते ८ ग्रॅम. पीएच आधी लावायचा, अगार नंतर घालायचं. किराणा दुकानातली स्वच्छ पांढरी साखर चालते, फक्त मध्येच बदलू नका.

बीएपी पाण्यात सरळ विरघळत नाही. १०० मिलिग्रॅम बीएपी एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करा. झाला १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचा स्टॉक. लिटरला १ मिलिग्रॅम हवं तर १ मिलिलिटर घाला. आणि इथेच सगळ्यात जास्त पाहिलेली चूक होते: माध्यम अर्धा लिटर करायचं असतं आणि स्टॉक मात्र सवयीनं १ मिलिलिटर पडतो. मात्रा दुप्पट झाली, वहीत मात्र "१ मिलिग्रॅम" लिहिलेलं.

बीएपी, कायनेटिन, एनएए ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकतात. जिबरेलिक आम्ल उष्णतेनं बिघडतं. ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, माध्यम हाताला सोसवेल इतकं कोमट झाल्यावर घाला. "जिबरेलिन घालून काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी आपण ते उकळलं का, हे आधी आठवावं.

ऑटोक्लेव्ह १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. १५ पौंड दाबाला १२१ अंश हे गणित समुद्रसपाटीचं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे काटा १६ च्या आसपास ठेवा. आतली हवा पूर्ण जाऊ देऊन मगच झडप बंद करा. हवा अडकली की काटा दाब बरोबर दाखवतो, तापमान मात्र कमी असतं.

तपासा: तयार बाटल्या तीन दिवस तशाच ठेवा. एकीतही ढगाळपणा किंवा बुरशी दिसली तर सगळी तुकडी बाद.

## ३. बाहेरची सफाई

वाढ्याची बाहेरची पानं काढून दहा सेंटिमीटरचा पोंगा ठेवा. साबणाच्या पाण्यानं धुवा, वाहत्या नळाखाली अर्धा तास, मग बुरशीनाशकात वीस मिनिटं. लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या ओट्यावर) ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुणं.

बऱ्याच ठिकाणी अजून ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. विषारी आहे, सिंकमध्ये ओतलं तर ओढ्या-नाल्यातून कुठे जातं हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. उसाचा शेंडा पानांच्या थरांत इतका झाकलेला असतो, की आतला भाग बाहेरच्या जंतूंपासून जवळजवळ स्वच्छच असतो. थर एकेक करून, दर वेळी हत्यार बदलत काढलेत तर पाऱ्याची गरज पडत नाही.

थांबा: हाताला आणि ओट्याला अल्कोहोल लावल्या लावल्या स्पिरिटचा दिवा पेटवू नका. पूर्ण वाळू द्या.

## ४. शेंडा काढणे

या पायरीला घाई चालत नाही. सकाळी बसा, फोन बाहेर ठेवा.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एकेक पान बुडाशी गोल कापून सोडवा. ओढून काढू नका, ओढलं की घुमट पानाबरोबर निघून येतो. दोन-तीन पानांनंतर ब्लेड बदला किंवा जाळून गार करा. गरम ब्लेड घुमटाला लागलं तर तो तिथेच मेला, दोन दिवसांनी काळा दिसतो आणि लोक म्हणतात "फिनॉल सुटलं".

किती मोठा तुकडा घ्यायचा? इथे खरी तडजोड आहे. विषाणू काढायचे असतील तर घुमट आणि एक-दोन कोवळी पानं, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर. घुमटात अजून शिरा तयार झालेल्या नसतात, त्यामुळे तिथे विषाणू कमी पोचतात. पण इतका लहान तुकडा स्वतःचं ऑक्झिन-सायटोकायनिन पुरेसं बनवू शकत नाही, म्हणून अनेक तुकडे मरतात. नुसती वाढ हवी असेल तर दोन ते पाच मिलिमीटर घ्या. ते जास्त तगतात, पण त्यांच्यावर रोगमुक्तीचा दावा करू नका.

नवखी मुलं बहुधा दहा मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि त्याला 'मेरिस्टेम' (नुसता घुमट) म्हणतात. तो शेंडा झाला. वहीत तसंच लिहा.

## ५. पहिले दहा दिवस: काळं पडणं

कापलेल्या जागेतून फिनॉल सुटतात, हवेशी मिळून तपकिरी होतात आणि तुकड्यालाच मारतात. बीएपी कमी-जास्त करून हे थांबत नाही.

काय करायचं: माध्यमात लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल आणि तितकंच सायट्रिक आम्ल. पहिला आठवडा अंधार. पहिले पाच-सहा दिवस तुकडा दर एक-दोन दिवसांनी नव्या माध्यमावर, निदान त्याच बाटलीत दुसऱ्या जागी. द्रव माध्यमात गाळणकागदाचा पूल करून त्यावर ठेवला तर रंग खाली विरघळून जातो, मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते. सुरुवातीला बीएपी लिटरला ०.५ ते १ मिलिग्रॅम पुरे. कोळशाची पूड घालणार असाल तर लक्षात ठेवा, ती फिनॉलबरोबर तुमचं बीएपीही शोषून घेते.

नंतर २५ अंश, सोळा तास प्रकाश, आठ तास अंधार. दोन-तीन आठवड्यांत तुकडा हिरवा होऊन लांबू लागतो.

थांबा: या काळात बुडाशी पिवळट, भुसभुशीत गोळा दिसला तर तो कॅलस. त्यातून आलेली रोपं मूळ जातीसारखी असतीलच असं नाही. बाजूला काढा. कुणी "२,४-डी (कॅलस आणणारं ऑक्झिन) घातलं की रोपं भरपूर मिळतात" म्हणालं तर त्याला विचारा, कोणत्या जातीची मिळतात?

## ६. फुटवे वाढवणे

फोन येतात ते या टप्प्यावर.

एमएस, बीएपी लिटरला १ मिलिग्रॅम, कायनेटिन ०.५ मिलिग्रॅम. पंधरा ते वीस दिवसांनी नवी बाटली. कोंब सुटे करू नका, तीन ते पाच कोंबांचा झुबका एकत्र ठेवा. एकेकटा कोंब रुसतो.

फुटवे येत नसतील तर मात्रेला हात लावण्याआधी या क्रमानं बघा. मागच्या बाटलीत महिन्याहून जास्त राहिला होता का? मग अन्न संपलं आहे, नुसती जागा बदला आणि थांबा. मधला जोमदार कोंब उंच सुटला आहे का? मग त्याच्या टोकातून उतरणारं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतंय, त्याचं टोक खुडा. स्टॉक किती जुना? खोलीत रात्री वीज जाऊन तापमान किती चढतं? हे सगळं नीट असेल तरच बीएपी ०.५ नं वाढवा, तेही चार बाटल्यांत.

दुप्पट करून काय होतं? पेशी स्वतःच ब्रेक लावतात. सायटोकायनिनचा निरोप पोचला की त्यालाच दाबणारी प्रथिनं तयार होऊ लागतात, त्यामुळे एका मर्यादेपुढे जास्त मात्रेनं जास्त फुटवे मिळत नाहीत. मिळतात ते बुटके, दाट, काचेसारखे पाणचट कोंब, जे पुढे लांबतही नाहीत आणि मुळंही धरत नाहीत. असं दिसलं तर बीएपी निम्मं करा, अगार थोडं वाढवा, हवा जाणारी झाकणं लावा.

पावसाळ्यात कापसाची बुचं ओलावा धरतात आणि बुरशीला वाट मिळते. आषाढ-श्रावणात मी प्लास्टिकची झाकणंच वापरतो. बाटल्यांच्या रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या आणि कोळीकिडे बुरशीचे बीजाणू बाटलीतून बाटलीत नेतात.

तिसऱ्या-चौथ्या फेरीत बुडाशी दुधाळ धूर दिसला तर ते बहुधा उसाच्या आतच राहणारे जीवाणू. पुन्हा सफाई करून जात नाहीत. त्या शेंड्यापासून आलेली सगळी ओळच फेकून द्या.

तपासा: प्रत्येक तुकडीत एक बाटली संप्रेरकाविना ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सात-आठ फेऱ्यांनंतर ती ओळ थांबवा आणि नव्या शेंड्यानं सुरू करा. फेऱ्या वाढल्या की बदललेली रोपं वाढतात.

## ७. संप्रेरकाचा उपवास

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग "मुळं येत नाहीत" म्हणून एनएए वाढवतात.

कोंबात साठलेलं बीएपी लगेच संपत नाही. जे सायटोकायनिन कोंबाच्या शेंड्यात स्टेम सेल राखतं, तेच मुळाच्या टोकाशी ऑक्झिनच्या विरोधात जातं आणि मूळ धरू देत नाही. म्हणून मुळांच्या माध्यमाआधी दहा ते पंधरा दिवस संप्रेरकाविना माध्यमावर एक फेरी द्या. कोंब लांबतात, पानं रुंदावतात, रंग गडद होतो.

## ८. मुळे

कोंब चार-पाच सेंटिमीटरचे, तीन-चार पानांचे असावेत. निम्म्या ताकदीचं एमएस, एनएए लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम, साखर ५० ते ६० ग्रॅम. इथेही झुबका ठेवा. दहा-बारा दिवसांत पांढरी टोकं दिसू लागतात.

ऑक्झिन मूळ सुरू करतं, लांबवायला मात्र त्याची जास्त मात्रा आडवी येते. मुळं आखूड, जाड आणि बुडाशी गोळा दिसला तर मात्रा कमी पडलेली नाही, मुक्काम जास्त झाला आहे. टोकं दिसली की आठवड्याभरात बाहेर काढा.

## ९. बाहेर

बुडाचं माध्यम कोमट पाण्यानं पूर्ण धुवा, चिकटून राहिलं तर त्यावरच बुरशी येते. कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावा, पहिले आठ-दहा दिवस प्लास्टिकच्या बोगद्यात भरपूर दमटपणा, मग हळूहळू उघडा, पुढे शेडनेटखाली महिना-दीड महिना. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर नीट नसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ऊन लागलं तर संध्याकाळपर्यंत खलास. एप्रिल-मेमध्ये ही पायरी येणार नाही असं वेळापत्रक मागे मोजत लावा. आडसालीसाठी जुलैत रोपं हवी असतील तर शेंडा आदल्या वर्षीच, तुरा धरण्याआधी काढलेला असावा.

रोपं विकणार असाल तर केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ऊतिसंवर्धित रोपांसाठीची प्रमाणीकरण व्यवस्था आहे. विषाणू तपासणी तिच्यातून करून घ्या.

पहिल्या वर्षी शेतकरी तक्रार घेऊन येईल: "फुटवे लई, पण ऊस बारीक." बीएपीचा अंमल शेतातही काही काळ टिकतो, त्याचा हा परिणाम. म्हणून हा प्लॉट कारखान्याला घालायचा नाही, बेण्यासाठी ठेवायचा. त्याच्या टिपऱ्या लावल्या की पुढच्या लागणीत जाडी परत येते. हे रोपं देतानाच सांगून ठेवा, आणि पावतीवर लिहूनही द्या.